जहाल सुनदुबू जिगे घरी करताना: रंग एका मिरचीचा, झणका दुसरीचा

सुनदुबू जिगे म्हणजे न दाबलेल्या, थरथरत्या मऊ टोफूचा लालभडक कोरियन रस्सा. तो मातीच्या छोट्या भांड्यात उकळत असतानाच समोर येतो आणि वरून त्यात कच्चं अंडं फोडतात. सामान हाताशी आणि स्टॉक तयार असेल तर पाऊण तासाचं काम आहे. नवख्यांची फसगत होते ती तिखट वाढवताना. जास्त झणझणीत हवं म्हणून लाल भुकटीचे चमचे वाढवत गेलं की रस्सा दाट होतो, जिभेला खरखरीत लागतो, आधी गोडसर आणि मग कडवट होतो. झणका मात्र हवा तेवढा येतच नाही.

याचं कारण गोचुगारूत आहे. ही कोरियन मिरचीपूड मुळात मध्यम तिखटाची आणि बरीच गोड असते. ती रंग देते, खमंगपणा देते, थोडं अंग देते. जहाल तिखट हे तिचं काम नाही. ते दुसऱ्या मिरचीकडून करून घ्यायचं आणि दोघींना रश्शात सोडायचं काम तेलाला द्यायचं. ज्या घरात ब्याडगी रंगाला आणि लवंगी तिखटाला असा हिशेब आधीपासून चालतो, तिथे हे समजावून सांगावं लागणार नाही.

लाल रस्सा हेच या टोफूचं एकमेव रूप नाही. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर गांगनुंग शहरात छोदांग नावाचं टोफूचं गाव आहे. तिथे समुद्राच्या पाण्याने सोयादूध फाडतात आणि त्याचं मऊ सुनदुबू पांढरंच, शेजारी मसालेदार सोयासॉस ठेवून वाढतात. तिखटाचा त्यात मागमूस नसतो. लाल, उकळतं रूप मात्र देशाबाहेर जास्त गाजलं. लॉस एंजलिसमध्ये मोनिका ली यांनी 1986 साली याच पदार्थासाठी खानावळ काढली. 1996 साली तिथल्याच कोरियाटाऊनमध्ये ही-सूक ली यांनी बीसीडी टोफू हाउस सुरू केलं. त्यातली ‘बीसीडी’ ही अक्षरं सोलच्या बुकछांग-दोंग भागावरून घेतलेली आहेत. अशा ठिकाणी तिखटाची पायरी गिऱ्हाईक निवडतं. घरीही तशाच पायऱ्या ठेवायच्या. त्या पुढे दिल्या आहेत.

टोफू

सुनदुबू प्लॅस्टिकच्या नळीत मिळतं. नळी साधारण 350 ग्रॅमची असते. मधोमध कापून दोन्ही अर्ध्या नळ्या भांड्यावर धरून दाबल्या की टोफू घसरत बाहेर येतं. सुरीने चौकोनी तुकडे करायचे नाहीत. मोठे, वेडेवाकडे गोळे पडले पाहिजेत, कारण रस्सा त्यांच्या खाचांत शिरतो.

नळी मिळाली नाही तर खोक्यातला सिल्कन टोफू घ्या. त्यात मऊ, मध्यम, घट्ट असे प्रकार असतात; मऊच हवा. सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये पाण्यात बुडवलेला जो टोफू दिसतो तो बहुतेक वेळा दाबलेला, घट्ट असतो. त्याचा रस्सा वाईट होतो असं नाही, पण तो सुनदुबू नव्हे. पनीर तर अजिबात नको. ते दुधाचं, स्निग्ध आणि रबरी. रस्सा आत घेत नाही.

घरी लावायचं असेल तर ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन नावाची खाद्य-भुकटी सर्वांत बिनचूक पडते. एक लिटर दाट सोयादुधाला 2.5 ते 3 ग्रॅम. दूध पूर्ण उकळून गार करा, भुकटी दोन चमचे गार पाण्यात विरघळवून त्यात मिसळा, भांडं झाकून मंद वाफेवर 20–25 मिनिटं ठेवा. मिश्रण 80–85 अंश सेल्सियसला पोचलं की घट्ट होतं. सोयादूध फक्त दाण्यांचं आणि पाण्याचं हवं. साखर, स्वाद आणि स्थिरक घातलेलं खोक्यातलं दूध नीट लागत नाही, वर जेवणात गोड लागतं ते वेगळंच.

मिरच्या

यावर थोडा वेळ घालवू, कारण सगळा डाव इथेच जमतो किंवा फसतो.

गोचुगारू दोन जाडीत मिळते. जाड पाकळ्यांची किमचीसाठी (आंबवलेल्या कोबीचं कोरियन लोणचं), बारीक पूड सॉससाठी. या रश्शाला दोन्ही लागतात: तीन भाग जाड, एक भाग बारीक. जाड पाकळ्या तेलात हळूहळू रंग सोडतात, बारीक पूड रश्शाला थोडी मिळून येते. नुसती बारीक घेतली तर करपण्याचा धोका दुप्पट. पाकीट उघडल्यावर हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवलेली गोचुगारू काही महिन्यांत विटकरी होते आणि मग रश्शाला तोच रंग येतो.

गोचुगारू नसेल तर ब्याडगीचे देठ आणि बिया काढा, मिरच्या कडकडीत उन्हात किंवा मंद तव्यावर कोरड्या करा, मग मिक्सर क्षणभर फिरवा, थांबवा, पुन्हा क्षणभर फिरवा. पूड नको, पाकळ्या हव्यात. बिया काढणं महत्त्वाचं, कारण गोचुगारूही बहुतेक बिया काढूनच करतात आणि रश्शात बिया दाताखाली येतात. विकतची काश्मिरी मिरचीपूड वापरायची तर दिलेल्या मापाच्या दोन तृतीयांश घ्या. ती फार बारीक असते आणि रस्सा आळवते.

झणक्यासाठी कोरियात छोंगयांग नावाची हिरवी मिरची वापरतात. बोटाएवढी, सडपातळ, आणि साध्या कोरियन हिरव्या मिरचीपेक्षा बरीच तिखट. त्याहून जहाल करायचं तर तिथल्या स्वयंपाकघरांत व्हिएतनामी सुकी मिरची येते, जी दिसायला लहान आणि वागायला दुष्ट असते. भारतात छोंगयांगच्या जागी बारीक, तिखट हिरवी मिरची घ्या, तीनऐवजी दोन. सुक्या मिरचीच्या जागी लवंगी किंवा तेजा. भूत झोलकियाच्या वाटेला जाऊ नका. ती दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखट मोजायचं एकक) घरातली, तिचा स्वतःचा फळासारखा वास दांडगा असतो आणि रस्सा कोरियन राहत नाही. बाटलीतला कॅप्सायसिनचा, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याचा, अर्कही टाळा. त्यात नुसती आग असते, चव नसते, आणि थेंब जास्त पडला की परत फिरायला वाट नाही.

गोचुजांग, म्हणजे आंबवलेली मिरचीची चटणी, यात घालायची गरज नाही. पुष्कळ पाककृती ती सांगतात. तिच्यातल्या तांदळाने आणि गोडीने रस्सा जड होतो आणि टोफूची नाजूक चव बुजते. आमचं मत विचाराल तर बरणी बंदच राहू द्या.

बाकीचं सामान (दोघांसाठी)

– सुनदुबू: 350 ग्रॅमची एक नळी
– स्टॉक: 350 मिली
– पोर्क बेली: 80–100 ग्रॅम, पातळ काप
– तिसऱ्या (लहान शिंपल्या): 8–10
– बिनवासाचं तेल: 2 मोठे चमचे (मोठा चमचा 15 मिलीचा, लहान 5 मिलीचा)
– भाजलेल्या तिळाचं तेल: 2 लहान चमचे
– कांदा: 40 ग्रॅम, बारीक चिरून
– पातीचा कांदा: 2 काड्या, पांढरा आणि हिरवा भाग वेगळा
– लसूण: 5–6 पाकळ्या, ठेचून (सुमारे 1 मोठा चमचा)
– गोचुगारू: दीड मोठा चमचा जाड, अर्धा मोठा चमचा बारीक
– छोंगयांग किंवा तत्सम हिरवी मिरची: पायरीप्रमाणे
– जहाल सुकी मिरची, जाडसर कुटून: पायरीप्रमाणे
– कोरियन सूपचा सोयासॉस: 1 मोठा चमचा
– सेउजोत: 1 लहान चमचा
– फिश सॉस: 1 लहान चमचा
– झुकिनी: 60 ग्रॅम; एनोकी अळंबी: मूठभर
– अंडी: 2
– मिरपूड: चिमूटभर

काही गोष्टींबद्दल खुलासा. सूपचा सोयासॉस रंगाने फिका आणि चवीला जास्त खारट असतो. चायनीजच्या गाडीवर दिसतो तो काळा, दाट सॉस घातला तर रस्सा तपकिरी होतो. फिका सॉस आणि थोडं मीठ हा बरा पर्याय. तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं, गडद आणि वासाचं हवं. आपलं कच्च्या तिळाचं घाण्याचं तेल चांगलं असलं तरी तो खरपूस वास त्याला नाही.

सेउजोत म्हणजे मिठात आंबवलेली इवलीशी कोळंबी. कोकणातला जवळा त्याच जातकुळीतला, पण सुकवलेला, आंबवलेला नाही. सेउजोत मिळालं नाही तर एक मोठा चमचा जवळा निवडून, कोरडा भाजून, कुटून तेलात घाला आणि फिश सॉस अर्धा चमचा वाढवा. चव तंतोतंत येत नाही, पण त्या दिशेला जाते. तिसऱ्या मात्र बिनदिक्कत वापरा; कोरियात घालतात त्या शिंपल्या अशाच लहान आणि गोड असतात.

तिसऱ्यांना वाळू काढायला लावा. एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ, त्यात तिसऱ्या एका थरात, वर झाकण, अंधारात दोन तास. गोड्या पाण्यात ठेवल्या तर त्या तोंड उघडत नाहीत आणि वाळू आतच राहते. मग चोळून धुवा. फुटलेल्या, आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या फेकून द्या.

स्टॉक

कोरियन सुक्या म्योलची, म्हणजे सूपसाठीच्या मोठ्या अँचोवी, 20 ग्रॅम (12–15) घ्या. डोकं मोडा, पोट उघडून आतला काळा गोळा काढा. स्टॉकचा कडवटपणा याच गोळ्यातून येतो आणि पुढे त्याचा आळ मिरचीवर जातो. कोरड्या पातेल्यात मासे मंद आचेवर दोन मिनिटं परता, ओशट वास उडतो. त्यात एक लिटर पाणी, 10 ग्रॅम दाशिमा (सुकं समुद्री शेवाळ, साधारण तळहाताएवढा तुकडा) आणि 100 ग्रॅम मुळा घाला. अर्धा तास तसंच भिजू द्या. मग मध्यम आच. उकळी फुटल्यावर पाच मिनिटांत दाशिमा काढून घ्या, नाहीतर स्टॉक चिकट होतो. मासे आणखी दहा मिनिटं उकळून गाळा. उरलेला स्टॉक फ्रीझरमध्ये जातो.

सुकी मांदेली वापरता येते. तिचा वास उग्र असतो, म्हणून 12 ग्रॅम पुरे. खारवलेली असेल तर सोयासॉस निम्मा करून शेवटी चव पाहा. खानावळींत याच जागी बरेचदा दाशिदा नावाची तयार भुकटी असते. घाई असेल तर 350 मिली पाण्यात तिचा एक लहान चमचा चालतो, मात्र तेव्हा फिश सॉस वगळा.

शाकाहारी करायचं असेल तर मासे काढून चार सुक्या शिताके अळंब्या घाला आणि दाशिमा दुप्पट करा. सेउजोत-फिश सॉसच्या जागी सोयासॉस आणि मीठ. किमची घालणार असाल तर वेष्टन वाचा. बहुतेक किमचीत मासळी असते.

भांडं

तुकबेगी हे जाड, काळपट, लुकण दिलेलं मातीचं भांडं. विस्तवावरून उतरवल्यावरही त्यात काही मिनिटं रटरट चालू राहते. दोघांसाठी 600–700 मिलीची दोन, किंवा 1.3 लिटरच्या आसपासचं एक. नवं असेल तर तांदळाच्या धुवणात मंद आचेवर 20 मिनिटं उकळून तसंच गार करा. घासायला साबण वापरू नका, भांडं तो पितं आणि पुढच्या उकळीत परत देतं. गरम असताना गार पाण्याखाली धरलं तर तडा जातो. साध्या इंडक्शनवर तुकबेगी तापत नाही. तिथे लहान बिडाचं भांडं घ्या. बाजारातली शोभेची मातीची हंडी थेट गॅसवर ठेवू नका.

तिखटाच्या पायऱ्या

ही मापं वरच्या प्रमाणासाठी आहेत. गोचुगारू सगळीकडे तेवढीच, म्हणजे दोन मोठे चमचे.

पहिली: फक्त गोचुगारू. रोज तिखट जेवणाऱ्याला हे सौम्य वाटेल.

दुसरी: दोन हिरव्या मिरच्या, काप करून शेवटी.

तिसरी, जहाल: तीन हिरव्या मिरच्या, त्यातली एक बारीक ठेचून तेलात आणि दोन काप करून शेवटी, शिवाय कुटलेली लवंगी अर्धा लहान चमचा.

चौथी: पाच हिरव्या मिरच्या, लवंगी एक लहान चमचा, आणि तेल तापताना त्यात दोन अख्ख्या सुक्या मिरच्या मोडून. याच्या पुढे गेलं तर टोफू आणि शिंपल्या खाताय की नुसतं पाणी पिताय, हे कळेनासं होतं.

पहिल्यांदा करताना दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर थांबा. मिरची जात तीच असली तरी जुडीगणिक तिखट बदलतं. एक टोक कापून जिभेला लावून पाहिलेलं बरं.

एक गोष्ट इथे कळली तर पुढचं सोपं जातं. तोंडातली जी चेतातंतूंची केंद्रं मिरचीने पेटतात, तीच साधारण 43 अंशांवरच्या उष्णतेनेही पेटतात. म्हणून उकळता रस्सा आहे त्यापेक्षा तिखट लागतो आणि कोमट झाला की निवळल्यासारखा वाटतो. चव पाहायची तर चमचाभर वाटीत काढा, फुंकर घाला, तोंडात घ्या आणि पूर्ण दोन मिनिटं थांबा, कारण झणका मागाहून चढतो. न थांबता वाढवत गेलं की ताटावर बसल्यावर भोगावं लागतं.

कृती

मिरची चिरताना हातमोजे घाला, एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा. गोचुगारू तेलात पडली की खकाणा उठतो आणि लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.

1. भांडं मध्यम-मंद आचेवर ठेवा. बिनवासाचं तेल आणि एक लहान चमचा तिळाचं तेल घाला. तेल तापायच्या आधीच पोर्क टाका. चार-पाच मिनिटांत चरबी सुटते आणि कडा सोनेरी होतात. ही चरबी म्हणजे जास्तीचं तेल, आणि तिखट तेलातच विरघळतं. म्हणून पोर्क आधी.

2. कांदा आणि पातीचा पांढरा भाग घालून दोन मिनिटं परता. मग लसूण, आणि पायरीप्रमाणे ठेचलेली हिरवी मिरची. लसणीचा कच्चा वास गेला की पुरे, तांबूस करायची नाही.

3. आता गॅस बंद करा. खरंच बंद करा. मातीचं भांडं स्वतःची ऊब धरून असतं. पातळ स्टीलच्या पातेल्यात करत असाल तर बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग गोचुगारू आणि कुटलेली लवंगी एकदम घालून सतत हलवा. तीस-चाळीस सेकंदांत कडेने तेल लाल होऊ लागतं आणि ओलसर, भाजक्या मिरचीचा वास येतो. काहीच होत नसेल तर सर्वांत मंद आच पुन्हा लावा आणि नजर हलवू नका. पाकळ्यांचा रंग गर्द लाल राहिला पाहिजे. तो तपकिरीकडे झुकला की साखर करपायला लागलेली असते.

4. लागलीच स्टॉकमधला अर्धा ओता. मसाला तळापासून खरवडून घ्या. सोयासॉस, सेउजोत, फिश सॉस घाला. मोठ्या आचेवर उकळी आणा आणि तीन मिनिटं उकळू द्या. वर लाल तवंग दिसला पाहिजे, मिसळीच्या कटावर असतो तसा. तो नसेल तर पायरी तीन घाईत झाली.

5. उरलेला स्टॉक आणि झुकिनी घालून पुन्हा उकळी. इथे चव पाहा. रस्सा नुसता प्यायला खारट आणि जास्त तिखट लागला पाहिजे. तो जसाच्या तसा बरोबर वाटत असेल तर शेवटी अळणी होणार, कारण टोफू पाणी सोडतं आणि स्वतः बेचव असतं.

6. टोफू सोडा. पळीने दोन-तीन ठिकाणी हलकेच मोडा आणि मग ढवळणं बंद. भांडं तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका, रस्सा फेसाळून गॅसवर उतू जातो. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. टोफू आतून गरम व्हायला एवढा वेळ लागतोच. नाहीतर वरून चटका आणि आत गारेगार.

7. तिसऱ्या घालून झाकण ठेवा. उघडायला दोन-तीन मिनिटं पुरतात. उघडल्या की पुढच्या पायरीला जा, जास्त उकळल्या तर चिवट होतात. पाच मिनिटांनीही न उघडलेल्या काढून टाका.

8. एनोकी, चिरलेली हिरवी मिरची आणि मिरपूड. एक मिनिट. या मिरच्या अर्धवट कच्च्या राहायला हव्यात. तेलातली मिरची खोलवर जळजळ देते, ही वरची, हिरवट, नाकात जाणारी.

9. गॅस बंद. रटरट चालू असतानाच अंडी फोडून घाला, वर पातीचा हिरवा भाग आणि उरलेलं तिळाचं तेल. अंडं ढवळू नका, टोफूच्या खळग्यात बसू द्या. पातळ भांड्यात उष्णता टिकत नाही. तिथे अंडं गॅस बंद करायच्या एक मिनिट आधी घालून झाकण ठेवा. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं खाणार असतील तर पूर्ण शिजवा.

बिघडलं तर

रस्सा कडू झाला असेल तर तीनपैकी एक कारण: गोचुगारू करपली, लसूण जळली, किंवा माशाचं पोट काढलं नाही. करपलेला मसाला साखरेने सुधारत नाही. कृतीतल्या पायरी तीनमध्येच वास कळतो. तेव्हाच टाकून नव्याने सुरू करा, पंधरा रुपयांच्या मिरचीसाठी तिसऱ्या आणि पोर्क वाया घालवण्यात अर्थ नाही.

रंग फिका किंवा नारिंगी राहिला तर मसाला तेलात न पडता पाण्यात पडला. एका छोट्या कढईत मोठा चमचाभर तेल कोमट करून लहान चमचाभर गोचुगारू त्यात फुलवा आणि वरून ओता.

खरखरीत आणि दाट झालं असेल तर भुकटी जास्त झाली. अर्धी वाटी स्टॉक वाढवा, तिखट कमी वाटेल ते चिरलेल्या हिरव्या मिरचीने भरून काढा.

पाणचट झालं तर टोफूबरोबर नळीतलं पाणीही गेलं असेल, किंवा आच कमी होती. टोफू झाऱ्याने बाजूला काढा, रस्सा मोठ्या आचेवर चार मिनिटं आटवा, टोफू परत घाला. टोफूचा चुरा झाला तर तो ढवळण्याचा परिणाम. त्यावर उपाय नाही, खायला हरकतही नाही.

फार तिखट झालं? पाणी ओतू नका, तिखट तसंच राहतं आणि चव जाते. अर्धी नळी टोफू आणि आणखी एक अंडं घाला. दोन्हीतली प्रथिनं आणि स्निग्धांश तिखट थोडं बांधून ठेवतात. लिंबू आणि साखर यांचा इथे फारसा उपयोग नाही. तोंड भाजलं तर दूध किंवा ताक घ्या, पाण्याने आग नुसती पसरते. आम्लपित्त, अल्सर किंवा मूळव्याध असेल तर तिसरी-चौथी पायरी आपली नव्हे.

वाढताना

भात वेगळ्या वाटीत. चमच्यावर थोडा भात, त्यावर टोफू आणि रस्सा, असं खातात. भांड्यात सगळा भात एकदम ओतला तर तो तवंग पिऊन टाकतो. कोरियन आखूड दाण्याचा तांदूळ नसेल तर इंद्रायणी उत्तम, तो मऊ आणि चिकट होतो. बासमती मोकळा राहतो आणि रस्सा धरत नाही. बाजूला किमची, मोडाच्या सोयाबीनची कोशिंबीर, आणि काहीतरी गार व तिखट नसलेलं हवंच. काकडीचे काप चालतात.

कृतीतल्या पायरी एक ते तीनपर्यंतचा मसाला पोर्कशिवाय करून ठेवता येतो. त्यात तेलात बुडालेली लसूण असते, म्हणून बाहेर ठेवायचा नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त हवा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. चार मोठे चमचे मसाला म्हणजे वरच्या प्रमाणातला एक घाणा. तयार रस्सा उरला तर तिसऱ्या आणि अंडं आधी संपवा. बाकीचं दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी स्टॉक घालून मंद आचेवर गरम करा आणि नवीन अंडं फोडा. टोफू थोडं घट्ट झालेलं असेल, आणि मिरची रात्रभर मुरल्याने रस्सा एका पायरीने वर चढलेला.